पहिलं सिझर असताना कळा आणायच्या म्हणतात, तेव्हा काय विचारायचं

पहिलं बाळ सिझरने झालंय आणि या खेपेला नॉर्मल व्हावं अशी इच्छा आहे, अशा बाईने सातव्या-आठव्या महिन्यातच एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. कळा आपल्या आपण सुरू झाल्या तर नॉर्मलसाठी थांबणं हा एक निर्णय. कळा येत नाहीत म्हणून औषधाने किंवा गर्भपिशवीच्या तोंडात फुगा घालून त्या आणणं हा दुसरा. पहिल्याला हो म्हटलं म्हणजे दुसऱ्यालाही हो म्हटल्यात जमा, असं नसतं. दोन्हींतला धोका वेगळा आहे, म्हणून विचारायचे प्रश्नही वेगळे.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी लेबर रूममध्ये सिस्टर होते. निवृत्त झाले तरी गल्लीतल्या पोरी अजून रिपोर्टची पिशवी घेऊन दारात येतात. मी डॉक्टर नाही, औषध कोणतं द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण काय विचारायचं, कधी विचारायचं आणि कशाला ठाम नाही म्हणायचं, ते मी सांगू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झालेली आढळली. म्हणजे चारातल्या एकीला पुढच्या खेपेला हा प्रश्न पडणारच.

आधी माहेरचा कागद

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. त्यामुळे पहिल्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड आईच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, बाळाच्या लसीच्या कार्डासोबत पडलेलं असतं. दुसऱ्या खेपेला मुलगी सासरच्या गावी दाखल होते आणि आम्ही विचारतो, "टाका कसा घेतलाय?" तिला माहीत नसतं. मग रात्री दोन वाजता भाऊ मोबाईलवर फोटो पाठवतो आणि ऑपरेशनची ओळ नेमकी कागदाच्या घडीत गेलेली असते. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता कोणी भेटायला आली की माझा पहिला प्रश्न हाच असतो: कार्ड आणलंस का? आईला आजच फोन करा. मूळ कार्ड मागवा, झेरॉक्स काढा आणि एक प्रत फाइलला लावा. कार्ड हरवलं असेल तर त्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशनची नोंद मागा. निकड पडण्याच्या आत हे काम झालं पाहिजे.

कार्डावर बघायचं ते हे. 'एलएससीएस' लिहिलेलं असेल तर गर्भपिशवीच्या खालच्या, पातळ भागावर छेद घेतलाय. बहुतेकींचा हाच असतो आणि तो आडवा असेल तर चांगलं. 'क्लासिकल', 'उभा छेद', 'इन्व्हर्टेड टी' किंवा छेद वर वाढवावा लागला असं काही दिसलं, तर कळा आणायचा विषय तिथेच संपला. कळा सुरू होण्याआधी ठरवून सिझर करायचं. पूर्वी पिशवी फाटली असेल, तरीही तेच. पोटावरच्या कातडीचा व्रण बघून आतलं काही कळत नाही. वर आडवा टाका असून आत उभा छेद असू शकतो, त्यामुळे "माझा बिकिनी कट आहे" एवढ्यावर समाधान मानू नका.

पुढचं बघायचं म्हणजे सिझर का झालं. बाळ पायाळू होतं म्हणून झालं असेल, तर या खेपेला नॉर्मलची आशा चांगली. पिशवीचं तोंड पूर्ण उघडूनही बाळ खाली सरकलं नव्हतं, तर आशा कमी. सिझरच्या आधी किंवा नंतर एकदा जरी नॉर्मल झालं असेल, तर ती सगळ्यात भक्कम बाजू. शेवटी तारीख. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर टाका फाटण्याचा धोका वाढतो. तेव्हा टाक्यात पू झाला होता का, ताप आला होता का, हेही आईला विचारून घ्या. आयांना ते बरोबर आठवतं.

सोनोग्राफीत 'स्कार थिकनेस', म्हणजे आतल्या टाक्याची जाडी, इतके मिलिमीटर असा आकडा हल्ली बऱ्याच जणी घेऊन येतात आणि त्यावरून रडतात किंवा निर्धास्त होतात. त्या एका आकड्यावर होय-नाही ठरत नाही. बाकीच्या गोष्टींसोबत डॉक्टर तो बघतात, इतकंच.

धोका किती, आणि कशाचा

धोका पिशवी फाटण्याचा आहे. जुना टाका म्हणजे रफू केलेलं कापड: रोजच्या ताणाला टिकतं, हिसका बसला तर तिथूनच उसवतं. आपल्या आपण येणाऱ्या कळा हळूहळू वाढतात, दरम्यान पिशवीचं तोंड मऊ होत जातं. औषधाने आणलेल्या कळा कधी कधी तोंड तयार नसतानाच जोरात येतात आणि तो जोर टाक्यावर पडतो.

"एकदा सिझर म्हणजे कायम सिझर" हे वाक्य न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रॅगिन यांनी १९१६ मध्ये लिहिलं, तेव्हा छेद उभा आणि पिशवीच्या वरच्या भागावर घ्यायचे. १९२० च्या दशकात ग्लासगोच्या मनरो कर यांनी खालचा आडवा छेद रूढ केला आणि हिशोब बदलला. म्हणून आज घरातलं जुनं माणूस तेच वाक्य ऐकवायला लागलं तर त्यांना दोष देऊ नका, पण घाबरूनही जाऊ नका.

आता आकडे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पहिलं सिझर झालेल्या २०,०९५ बायकांच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या नोंदी तपासून २००१ मध्ये एक अभ्यास छापून आला. कळा न येताच पुन्हा सिझर केलेल्यांत हजारी १.६ जणींची पिशवी फाटली. कळा आपल्या आपण आल्या त्यांच्यात ५.२. औषधाने आणल्या, पण प्रोस्टाग्लँडिन (पिशवीचं तोंड मऊ करून कळा आणणारी औषधं, पुढे येणारी गोळी आणि जेल यांतलीच) न वापरता, तर ७.७. प्रोस्टाग्लँडिन वापरून आणल्या त्यांच्यात २४.५. अमेरिकेतल्याच २००४ च्या एका मोठ्या अभ्यासात आपल्या आपण कळा आलेल्यांत हजारी ४ आणि कळा आणलेल्यांत हजारी १० असं दिसलं. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजची २०१५ ची मार्गदर्शिकाही असंच सांगते: नॉर्मलच्या प्रयत्नात धोका साधारण २०० त एक, आणि कळा आणल्या किंवा औषधाने वाढवल्या तर त्याच्या दुप्पट ते तिप्पट. शेवटी पुन्हा सिझर करावं लागण्याची शक्यताही दीडपट होते.

हजारात दहा म्हणजे ९९० जणींना काही होत नाही, हे खरंच आहे. पण त्या दहाजणींचं काय होतं ते मी पाहिलंय. बाळाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हातात मिनिटं उरतात. आईला पोटात रक्तस्राव होतो, कधी पिशवीच काढावी लागते. म्हणून प्रश्न 'धोका कमी की जास्त' एवढाच राहत नाही. तो धोका पत्करावा असं कारण आहे का, आणि तसं झालंच तर सांभाळायची सोय त्या जागी आहे का, हेही बघायचं.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे, ते लपवणार नाही. दरवेळी सिझर करत गेलं की पुढच्या गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) टाक्यावर येऊन आत रुजण्याचा धोका वाढतो. वार पिशवीच्या तोंडावर आलेली असेल, तर दुसऱ्या सिझरच्या वेळी ती अशी रुजलेली सापडण्याचं प्रमाण सुमारे ११ टक्के, आणि तिसऱ्याच्या वेळी ४० टक्के. तेव्हा अजून मुलं हवी आहेत का, हे नवरा-बायकोने आधी बोलून घ्यावं आणि डॉक्टरांना सांगावं. बाकी सगळं ठीक असेल तर चारातल्या जवळजवळ तिघींचं सिझरनंतर नॉर्मल होतं. आधी एखादं नॉर्मल झालेलं असेल तर ८५ ते ९० टक्के. प्रयत्न करण्यासारखाच आहे.

कारण काय, ते विचारा

"कळा आणूया" म्हटलं की पहिला प्रश्न: का? बीपी वाढलंय, साखर ताब्यात नाही, पाणी जाऊन तास उलटले पण कळा नाहीत, बाळाची वाढ खुंटली आहे, ही खरी कारणं. अशा वेळी नुसतं थांबण्यातही धोका असतो. मग तीन वाटा समोर ठेवून बोला: थोडं थांबणं, कळा आणणं, सरळ सिझर. प्रत्येक वाटेवर माझ्या बाबतीत काय होऊ शकतं, असं विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत.

'तारीख उलटली' हे कारण असेल तर तारीख पुन्हा मोजून घ्या. घरात नऊ महिने नऊ दिवस मोजतात, काही जणींची पाळीच दीड-दोन महिन्यांनी येते, आणि शेवटच्या सोनोग्राफीत तिसरीच तारीख असते. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख सगळ्यांत भरवशाची, तीच धरायची. चाळीस आठवडे झाले म्हणून लगेच कळा आणायची गरज नसते. एक्केचाळीसकडे सरकताना मात्र बाळाचे ठोके, पाणी आणि हालचाल नीट बघत राहायला हवं. मुहूर्त चांगला आहे, मामा पुण्याहून रविवारीच येणार आहे, बाळ मोठं होईल म्हणून आताच काढूया, अशा कारणांसाठी जुन्या टाक्यावर औषधाचा जोर आणू नये. इथे मी कुणाचीही भीड ठेवत नाही.

मग विचारा, "पिशवीचं तोंड कसं आहे?" आतून तपासून डॉक्टर बिशप स्कोअर काढतात: तोंड किती उघडलंय, किती मऊ आणि आखूड झालंय, कोणत्या दिशेला आहे, डोकं किती खाली आहे. तेरापैकी आठ किंवा जास्त म्हणजे शरीर तयारीत आहे. दोन-तीनच असेल, तर तास लांबणार, औषध जास्त लागणार आणि शेवटी सिझर होण्याची शक्यता बरीच. कडक, बंद तोंड, त्यात आधी कधीच नॉर्मल नाही आणि अंतरही कमी, अशा बाईने ठरवून सिझर घेतलं तर ती हरली असं कोणी म्हणू नये. कारण तातडीचं नसेल तर असं सिझर ३९ आठवडे पुरे झाल्यावर करतात, म्हणजे बाळाला श्वासाचा त्रास कमी होतो.

कशाने आणणार

सगळ्यांत महत्त्वाचं आधी सांगते. मिझोप्रोस्टॉलची गोळी नको. शेवटच्या तीन महिन्यांत, आधीचं सिझर असताना, जिवंत बाळासाठी कळा आणायला ही गोळी नको, मग ती तोंडातून असो, जिभेखाली असो की खालून, आणि २५ मायक्रोग्रॅमची छोटी असली तरी नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच हे स्पष्ट लिहिलंय. अमेरिकेत एक चाचणी मधेच थांबवावी लागली, कारण गोळी दिलेल्या सतराजणींपैकी दोघींचे टाके उसवले; १९९८ मध्ये ते छापून आलं. पहिल्या खेपेच्या बायकांना ही गोळी सर्रास देतात आणि ती स्वस्तही आहे, म्हणूनच गर्दीच्या वॉर्डात चुकून हातात पडण्याची भीती. कोणी गोळी घेऊन आलं तर स्पष्ट बोला: "सिस्टर, माझं आधीचं सिझर आहे, ही कसली गोळी?" फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने 'प्रीव्हियस सिझर' लिहून घ्या. बाळंतपण झाल्यावर रक्तस्राव थांबवायला मात्र हीच गोळी देतात. ते बरोबर आहे, तेव्हा अडवू नका.

जेल, म्हणजे डायनोप्रोस्टोन, हेही प्रोस्टाग्लँडिनच. काही ठिकाणी मोठे डॉक्टर विचार करून वापरतात, पण धोका फुग्यापेक्षा जास्त. जेल लावणार म्हणाले तर "फुगा का नाही?" एवढं जरूर विचारा. आणि जेलनंतर लगेच ड्रिप, असं दुहेरी तर नाही ना, तेही.

फुगा म्हणजे फोलीचा कॅथेटर. लघवीसाठी घालतात तीच नळी. आतून तपासून तिचं टोक पिशवीच्या तोंडातून वर सरकवतात, मग सिरिंजने तीस ते साठ मिली सलाईन भरून आत फुगा करतात आणि नळी किंचित ताणून मांडीला चिकटपट्टीने लावून ठेवतात. घालताना पाळीसारखी कळ येते, थोडं रक्त लागतं. मग बाई उठू शकते, फिरू शकते, लघवीला जाऊ शकते. तोंड तीन-चार सेंटीमीटर उघडलं की फुगा आपोआप खाली पडतो. नाहीतर बारा ते चोवीस तासांनी काढतात. मला ही पद्धत आवडते, कारण तोंड हळू उघडतं आणि नको वाटलं तर फुगा काढता येतो. गोळी एकदा विरघळली की परत घेता येत नाही.

त्यानंतर पाणमोट फोडतात आणि लागलंच तर ऑक्सिटोसिनचं सलाईन, ज्याला सगळे कळांची ड्रिप म्हणतात. ती देता येते, पण मात्रा जितकी वाढेल तितका धोका. पंपावर चालू आहे की थेंब मोजून, हे बघा. नुसत्या थेंबांवर असेल तर नळीवरचं ते चाक कोणीही नातेवाइकाने 'लवकर होऊ दे' म्हणून फिरवू नये. मी हे गमतीत सांगत नाही. असं करणारी माणसं मी थांबवली आहेत.

घरचे उपाय इथे अजिबात नकोत. एरंडेल, कुठलेसे काढे, आणि गावातल्या कोणाकडून 'कळांचं इंजेक्शन' तर नाहीच. ते मापाविना दिलेलं ऑक्सिटोसिन असू शकतं आणि जुन्या टाक्याच्या बाईचा त्यात जीव जाऊ शकतो. सासूबाईंनी प्रेमाने एरंडेल पुढे केलं तर "डॉक्टरांनी मनाई केली आहे" म्हणा, वाद घालू नका.

कुठे

जिथे रात्री तीनला ऑपरेशन सुरू होऊ शकतं, तिथेच. भूलतज्ज्ञ बोलावल्यावर तासाभराने येणार असतील तर ती जागा यासाठी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे करायचंच नाही. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय चोवीस तास असेल तर ठीक, नाहीतर जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय. खाजगीतही हेच निकष. सरळ विचारा: "रात्री भूल द्यायला कोण असतं? रक्त कुठून येतं? बाळाचे डॉक्टर आहेत का? ठोके सतत बघायचं मशीन आहे का?" दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तिथे कार्ड दाखवून कुठे दाखल व्हायचं हे नवव्या महिन्याच्या आत ठरवा. घर दूर असेल तर शेवटचे दिवस जिल्ह्याच्या गावी नातेवाइकांकडे राहा. दाखल होताना रक्तगट तपासून रक्त जुळवून ठेवायला सांगा, हिमोग्लोबिन आधीच वाढवा.

लेबर रूममध्ये

हाताला सलाईनची सुई, बाळाच्या ठोक्यांचं मशीन सतत. सोबत येणाऱ्या बाईला एक काम द्या: पोटावर पालथा हात ठेवून घड्याळात दहा मिनिटं कळा मोजायच्या. पोट दगडासारखं होतं आणि मग सैल पडतं, ते हाताला कळतं. दहा मिनिटांत तीन-चार कळा पुरेत. पाच किंवा जास्त व्हायला लागल्या, किंवा दोन कळांमध्ये पोट सैलच पडत नसेल, तर लगेच सिस्टरला सांगा. ड्रिप कमी किंवा बंद करावी लागते.

टाका उसवण्याची पहिली खूण बहुतेक वेळा बाळाच्या ठोक्यांतच दिसते, आईला काही जाणवायच्या आधी. बाकीच्या खुणा अशा: कळ गेल्यावरही खाली, टाक्याच्या जागी दुखत राहणं, चालू असलेल्या कळा अचानक थांबणं, खाली आलेलं डोकं पुन्हा वर जाणं, अंगावरून रक्त जाणं, लघवी लाल होणं, नाडी जोरात, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. सगळ्या एकत्र येत नाहीत, एकीवरही हाक मारायची. "कळा आहेत म्हटल्यावर दुखणारच" असं कोणी म्हटलं तर पुन्हा सांगा: "मधल्या वेळेतही दुखतंय, टाक्यावर दुखतंय." हे वाक्य पाठ करून जा. कंबरेतून वेदना कमी करायचं इंजेक्शन, एपिड्युरल, घेता येतं. पण ते चालू असताना अचानक जास्त औषध लागायला लागलं तर डॉक्टरांनी टाक्याचा विचार करायचा असतो.

थांबायचं कधी, हे सुरू करण्याआधीच ठरवा. "किती तासांत तोंड किती उघडलं नाही तर सिझर?" हा प्रश्न दाखल होतानाच विचारा आणि उत्तर नवऱ्यालाही ऐकू द्या. ड्रिप चांगली चालू असून तासन्‌तास तोंड तिथेच अडलं असेल, तर "अजून थोडं बघूया" म्हणत मात्रा वाढवत नेणं हे या बायकांसाठी धोक्याचं. नातेवाइकांनी त्या वेळी "नॉर्मलच करा, मॅडम" म्हणून हट्ट धरू नये.

नॉर्मल झालं तरी पहिले काही तास सैल सोडू नका. कधी कधी टाका बाळ बाहेर येतानाच उसवतो आणि रक्त आत साठतं, बाहेर फार दिसत नाही. नाडी वाढत चालली आहे, पोट फुगतंय, खांद्याच्या टोकाला दुखतंय, बाई पांढरी पडली आहे, वार पडल्यावर आणि टाके घातल्यावरही रक्त थांबत नाही, यातलं काहीही दिसलं तर पेढे बाजूला ठेवा आणि सिस्टरला बोलवा. सकाळच्या राउंडपर्यंत थांबायचं नाही.